समजून घ्या : नांदेड ते अमृतसर १,४११ किलोमीटर की १,४१५? आणि विमानप्रवासाचा खरा वेळ किती?

मोबाइलवर दिसणारं अंतर, तिकिटावर छापलेला वेळ आणि घरातून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत लागणारे तास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नांदेड आणि लातूरच्या उदाहरणांतून हा हिशेब समजून घेऊ.

मोबाइलवर ‘नांदेड ते अमृतसर विमानाने अंतर’ असं शोधलं की काही सेकंदांत उत्तर येतं. पण एका ठिकाणी १,४११ किलोमीटर दिसतं, तर दुसरीकडे १,४१५. वेळेचंही तसंच. कुठे पावणेदोन तास, तर कुठे सव्वादोन. यातला खरा आकडा कोणता? आणि लातूर, अहमदपूर किंवा उदगीरहून निघणाऱ्याने नेमका कोणता धरायचा?

नांदेड आणि अमृतसरची जोडी सहज निवडलेली नाही. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ मध्ये नांदेडला महानिर्वाण झालं. तिथला तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे आणि अकाल तख्त अमृतसरला आहे. दोन्ही शहरांमध्ये वर्षभर भाविकांची ये-जा असते. त्यांची हक्काची गाडी म्हणजे सचखंड एक्स्प्रेस. वाटेत लंगर मिळणारी ही गाडी मनमाड, भोपाळ, दिल्ली असा सुमारे दोन हजार किलोमीटरचा वळसा घेत दीड दिवसाच्या आसपास अमृतसरला पोहोचते. आकाशातून हेच अंतर सहाशे किलोमीटरनी कमी भरतं.

हे अंतर मोजतात कसं?

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणारी सर्वांत छोटी वाट. घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी बोट ठेवून मध्ये दोरा ताणला की तो ज्या रेषेवर बसतो, तीच ही वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

साधारण आकडा काढायला गोलही लागत नाही, फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण उत्तरेकडे जाल तसा आक्रसत जातो. नांदेडच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांशावर आहे आणि नांदेडचा १९.१८ वर, म्हणजे दोन्ही जवळपास एकाच आडव्या रेषेत. रेखांशांत मात्र ४.४५ अंशांचा फरक आहे. ४.४५ गुणिले १०५ केलं की ४६७ किलोमीटर येतात. संकेतस्थळांवरचा आकडाही त्याच्याच आसपास असतो.

अमृतसरसाठी दोन्ही फरक धरावे लागतात. उत्तरेकडे १२.५३ अंश म्हणजे १,३९१ किलोमीटर, आणि पश्चिमेकडे अडीच अंश म्हणजे सुमारे २५२ किलोमीटर. शाळेतल्या काटकोन त्रिकोणाप्रमाणे कर्ण काढला की १,४१४ येतात.

मग १,४११ हा आकडा येतो कुठून? पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, तर ध्रुवाकडची ६,३५७. काही संकेतस्थळं पृथ्वीला चेंडू मानतात, काही हा चपटेपणा हिशेबात धरतात. तीन-चार किलोमीटरचा फरक तिथून येतो, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तो शून्य आहे.

याच पद्धतीने काढलेली सरळ हवाई अंतरं अशी :

- लातूर–नांदेड : सुमारे १२४ किलोमीटर
- लातूर–मुंबई : सुमारे ३८६ किलोमीटर
- नांदेड–मुंबई : सुमारे ४६८ किलोमीटर
- नांदेड–हैदराबाद : सुमारे २४५ किलोमीटर
- लातूर–हैदराबाद : सुमारे २४५ किलोमीटर
- नांदेड–बेंगळुरू : सुमारे ६६३ किलोमीटर
- नांदेड–दिल्ली : सुमारे १,०४० किलोमीटर

हैदराबादचा शमशाबाद विमानतळ नांदेड आणि लातूर या दोन्ही विमानतळांपासून जवळपास सारख्याच अंतरावर आहे. मुंबईच्या बाबतीत लातूर नांदेडपेक्षा ८० किलोमीटरनी जवळ आहे. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे ते कामाला येतील.

विमान खरंच सरळ रेषेत जातं का?

बहुतेक वेळा नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात. ठरावीक बिंदूंना नावं दिलेली असतात आणि विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जातं. लष्करासाठी राखीव हवाई हद्द, पावसाळी ढग आणि मोठ्या विमानतळाजवळची रांग यांमुळे वाट आणखी वाकते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेलं अंतर सरळ रेषेपेक्षा काही टक्क्यांनी जास्तच भरतं.

सुरुवात तर धावपट्टीच्या दिशेपासूनच होते. नांदेडच्या धावपट्टीचा क्रमांक १०/२८ आहे. या आकड्यांपुढे शून्य लावलं की होकायंत्रातले अंश मिळतात. म्हणजे विमान १०० अंशांवर, साधारण पूर्वेकडे तोंड करून उडतं किंवा २८० अंशांवर, साधारण पश्चिमेकडे. मुंबईला जाणाऱ्या विमानाला पश्चिमेकडचं उड्डाण सोयीचं पडतं, कारण नाक आधीच मुंबईकडे असतं. अमृतसर मात्र उत्तरेला, ३५० अंशांच्या आसपास आहे. पश्चिमेकडे उडालं तरी विमानाला ७० अंश वळावं लागतं आणि पूर्वेकडे उडालं तर तब्बल ११० अंश. विमानाने कोणत्या बाजूने उडायचं हे मुख्यतः वारा ठरवतो, कारण उड्डाण आणि उतरणं शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन केलं जातं.

अंतर कळलं, वेळ कसा काढायचा?

जेट विमान उंचीवर पोहोचलं की ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास जातं. दोन पंखे असलेलं एटीआर ७२ हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण अंतराला नुसतं वेगाने भागून चालत नाही. धावपट्टीपर्यंत जाणं, उड्डाणाची वाट पाहणं, वर चढणं, खाली उतरणं, वळून रांगेत लागणं आणि पार्किंगपर्यंत येणं, हा सगळा वेळ कमी वेगात जातो.

तिकिटावरचा वेळ चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो. या क्षेत्रात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर जेटसाठी सोपं सूत्र आहे : किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास मिळवा.

नांदेड–अमृतसरचे १,४१० किलोमीटर ८०० ने भागले की १०६ मिनिटं येतात. त्यात ३० मिळवली की १३६ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. ‘पावणेदोन तास’ दाखवणारी संकेतस्थळं हा वरचा अर्धा तास धरतच नाहीत.

विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्तीची मिनिटंही ठेवतात, विशेषतः मुंबई-दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळांसाठी. विमान ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलं तर ते वेळेवर आहे असं मोजलं जातं. त्यामुळे विमान उशिरा निघूनही ‘वेळेवर’ पोहोचल्याचा अनुभव अनेकांना येतो.

मध्ये एक थांबा आला तर?

घोटाळा नेमका इथे होतो. एअर इंडियाने डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसर–नांदेड थेट सेवा सुरू केली होती, पण ती कायम राहिली नाही. पुढे ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरने पंजाबातल्या आदमपूरहून दिल्लीजवळच्या हिंडनमार्गे नांदेड आणि तिथून बेंगळुरू अशी सेवा सुरू केली. त्यासाठी वापरलेलं ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ हे जेट विमान आहे.

नांदेड–आदमपूर सरळ अंतर सुमारे १,३६७ किलोमीटर आहे. हिंडनमार्गे गेलं तर १,०५५ अधिक ३३९, म्हणजे १,३९४ किलोमीटर. हिंडन जवळपास वाटेवरच असल्यामुळे वळसा जेमतेम २७ किलोमीटरचा पडतो.

आता वेळ पाहा. सूत्राप्रमाणे सरळ गेलं तर दोन तास बारा मिनिटं. हिंडनमार्गे पहिल्या टप्प्याला एक तास ४९ मिनिटं, दुसऱ्याला ५५ मिनिटं आणि मधला थांबा अर्धा तास धरला, तर एकूण तीन तास १४ मिनिटं. अंतर दोन टक्क्यांनी वाढलं, वेळ मात्र तासाभराने. कारण प्रत्येक जास्तीच्या थांब्याला उतरणं, थांबणं आणि पुन्हा चढणं हे सगळं नव्याने मोजावं लागतं. शिवाय आदमपूरहून अमृतसरला जायला रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर उरतात, ते वेगळेच.

म्हणून तिकीट पाहताना किलोमीटरच्या आधी थांबे मोजा.

वाऱ्याने किती फरक पडतो?

हिवाळ्यात उत्तर भारतावर, जेट विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढेही जातो. नांदेड–अमृतसर मार्ग दक्षिणोत्तर असल्याने हा वारा बाजूने लागतो. वाट सुटू नये म्हणून वैमानिक विमानाचं नाक किंचित पश्चिमेकडे ठेवतो. ८०० च्या वेगाला १५० चा आडवा वारा लागला तर पुढे जाण्याचा वेग ७८६ च्या आसपास राहतो. नुकसान काही मिनिटांचंच.

मुंबई–नांदेड मार्ग मात्र पूर्व-पश्चिम आहे. समजा एटीआर ताशी ५०० ने उडतंय आणि वारा ताशी ८० चा आहे. नांदेडकडे येताना वारा पाठीशी, वेग ५८०, हवेतला वेळ ४८ मिनिटं. मुंबईकडे जाताना वारा समोरून, वेग ४२०, वेळ ६७ मिनिटं. एकाच मार्गावर जाताना आणि येताना १९ मिनिटांचा फरक. अनेकांना वाटतं की एकीकडे गेलेली मिनिटं दुसरीकडे भरून निघतात. तसं होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ११२ मिनिटं लागली असती, वाऱ्यासह ११५ लागतात. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.

हाच खेळ लांबच्या प्रवासात तासांवर जातो. मुंबई–न्यूयॉर्क हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचं अंतर. जाताना साधारण १६ तास, येताना साधारण १४.

मुलगा अमेरिकेत आहे, विमान उत्तर ध्रुवाकडे का जातं?

भिंतीवरच्या सपाट नकाशावर बेंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर समुद्र ओलांडत पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जावं असं वाटतं. गोलावर दोरा ताणला की तो ध्रुवाजवळून जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू हे उड्डाण उत्तर ध्रुवावरून केलं. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर, वेळ १७ तासांहून अधिक.

ही छोटी वाट नेहमी मोकळी असतेच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घालावा लागला. अंतराच्या संकेतस्थळांवरचा आकडा एका किलोमीटरनेही बदलला नाही, प्रवास मात्र लांबला.

परदेशी तिकीट पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते. समजा हैदराबादहून सकाळी १० ला निघून दुबईला दुपारी १२.३० ला पोहोचण्याची वेळ लिहिली आहे. प्रवास अडीच तासांचा नाही, चार तासांचा आहे. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं.

मग लातूरकराने कोणता वेळ धरायचा?

लातूरला विमानतळ आहे. १९९१ मध्ये तो उभा राहिला आणि त्याची धावपट्टी २,३०० मीटरची आहे. नांदेडची धावपट्टीही तेवढीच लांब आहे. नांदेडच्या विमानतळाचं नूतनीकरण २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने झालं. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा नांदेड–हैदराबाद हा पहिल्या मार्गांपैकी एक होता. लातूरहून मात्र या घडीला नियमित प्रवासी सेवा नाही.

त्यामुळे नकाशावर मुंबईला नांदेडपेक्षा जवळ असलेलं लातूर वेळेच्या हिशेबात मागे पडतं. ३८६ किलोमीटरचं थेट उड्डाण असतं तर सूत्राप्रमाणे ते एका तासाचं झालं असतं. घरातून विमानतळ, तिथला दीड तास, उतरल्यावर सामान आणि मुंबईतली टॅक्सी धरूनही साडेचार तासांत काम झालं असतं. आज त्याच कामाला रेल्वेची रात्र द्यावी लागते, नाहीतर आधी दुसऱ्या जिल्ह्यातला विमानतळ गाठावा लागतो. नांदेडला रस्त्याने साधारण तीन तास लागतात. २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची सेवा सुरू झालेलं सोलापूर साधारण अडीच तासांवर आहे. हैदराबादला पाच-सहा तास मोजावे लागतात.

विमानाचा फायदा कधी होतो, तेही या हिशेबातून कळतं. लातूर–नांदेड विमान असतं तरी १२४ किलोमीटरसाठी ते चाळीस मिनिटं घेणार, आणि विमानतळांवरचे दोन तास वेगळे. रस्त्याने गेलेला माणूस तेवढ्यात पोहोचलेला असतो. नांदेड–हैदराबादला तास-दीड तास वाचतो. मुंबईला मात्र फरक मोठा पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत मुंबई–नांदेड ६१० किलोमीटर सुमारे साडेनऊ तासांत कापते. विमानाने घर ते घर पाच तासांत होतं.

फेऱ्या कमी असतील तर?

या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा कोणत्याच संकेतस्थळावर दिसत नाही. तो म्हणजे पुढच्या विमानाची वाट पाहण्याचा.

समजा अमृतसरचं विमान आठवड्यातून दोनच दिवस आहे, एकदा तीन दिवसांनी आणि एकदा चार दिवसांनी. सुटीचा बेत महिनाभर आधी ठरला असेल तर काही अडत नाही. पण घरात कुणी अचानक आजारी पडलं, दुःखद निरोप आला, मुलाला प्रवेशासाठी तातडीने बोलावलं, तर निघायचा दिवस आपल्या हातात नसतो. अशा वेळी सरासरी पावणेदोन दिवस, म्हणजे ४३ तास वाट पाहावी लागते. त्यात लातूर–नांदेड रस्ता, विमानतळ आणि उड्डाण मिळून साडेसात तास धरले की बेरीज ५० तासांवर जाते.

सचखंड एक्स्प्रेस रोज आहे. सरासरी १२ तासांची वाट, ३४ तासांचा प्रवास आणि नांदेडपर्यंतचे तीन तास धरून ४९ तास होतात. सव्वादोन तासांचं विमान आणि दीड दिवसाची गाडी इथे बरोबरीत येतात. विमान रोजचं झालं तर हीच बेरीज वीस तासांच्या खाली येते.

म्हणून मराठवाड्यातल्या हवाई सेवेची चर्चा ‘विमान सुरू झालं’ एवढ्यावर थांबून उपयोगाची नाही. आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वेळेला आणि किती महिने टिकलं, हे विचारायला हवं. ‘उडान’मध्ये सुमारे ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा ठेवली होती आणि कंपन्यांना ठरावीक काळासाठी तूट भरून दिली जात होती. पण प्रवासी विमानावर विसंबतो तो भाड्याइतकाच नेमाच्या भरवशावर.

तिकीट काढण्यापूर्वी हे तपासा

- सरळ अंतराला ८०० ने भागून अर्धा तास मिळवा. तिकिटावरचा वेळ याहून तासभर जास्त असेल तर मध्ये थांबा आहे किंवा विमान पंख्याचं आहे.
- एकूण प्रवासवेळेत मधल्या विमानतळावरची प्रतीक्षा धरली आहे का, ते पाहा.
- बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर देशांतर्गत उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतात. लातूरहून नांदेडला निघताना उड्डाणाच्या किमान पाच तास आधी घर सोडा, पावसाळ्यात त्याहून आधी.
- पुढचं विमान हैदराबाद किंवा मुंबईहून पकडायचं असेल तर दोन्ही उड्डाणं शक्यतो एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी घेतली आणि पहिलं लांबलं, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात.
- प्रादेशिक मार्गांची वेळापत्रकं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात. जुन्या स्क्रीनशॉटवर भरवसा न ठेवता कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तारखेचं उड्डाण खरंच आहे का ते पाहा, आणि परतीचं विमान कोणत्या वारी आहे तेही त्याच वेळी बघून घ्या.